खाली गाडी

९ फेब्रुवारी १९६९, रविवार

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. मी एक कोरं रजिस्टर मागून घेतलं. साहेब हसले, पण एकतीस वर्षं ज्यात लिहिलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कागदावर माझा हात चालत नाही. प्रत्येक पानावर दोन रकाने छापलेले आहेत, डावीकडे 'भरी' आणि उजवीकडे 'खाली'. मँगनीजनं भरलेली टबगाडी खदानीतून वर आली की भरी, रिकामी आत गेली की खाली. दिवसभर एवढंच मोजायचं. एवढ्या वर्षांत पुनाराम मुन्शीच्या हिशोबात एका टबाची चूक कोणी काढली नाही. आता त्याच रकान्यांवरून आडवं लिहितो आहे.

लिहिण्यासारखी गोष्ट अशी की मोटार घ्यायची ठरवली आहे. नवी आपल्याला कुठली परवडते, जुनीच घ्यायची. मुलगा वसंता चालवील. लालबर्ऱ्याची बस एकदा गेली की माणसं दोन-दोन तास झाडाखाली ताटकळत असतात. त्यांना न्यायचं आणि आणायचं.

मी निवृत्त झालो म्हणून खदानीनं वसंताला नोकरी देऊ केली आहे. जागा आत उतरून काम करण्याची आहे. एकतीस मार्चच्या आत हो-नाही कळवायचं आहे. अख्खा वॉर्ड म्हणतो घ्या. वसंताची माय तर रोज म्हणते, "खदानीची नोकरी बांधलेली आहे जी. मोटारीचं काय, आज चालली, उद्या नाही."

मी म्हटलं, "सुखरामची बी नोकरी बांधलेलीच होती."

सुखराम माझा धाकटा भाऊ. एका जुन्या खाणीत छत बसलं आणि तो गेला. ती खाण आता पाण्यानं भरली आहे, तिचं नावही कोणी घेत नाही. त्याला बाहेर काढल्यावर ओळखायला मलाच बोलावलं होतं. वसंता आमचा एकच. त्याला जमिनीच्या पोटात उतरू देणार नाही, एवढं माझं ठरलेलं आहे.

१२ फेब्रुवारी

जुनी मोटार घेणं आणि बाजारात म्हैस घेणं सारखंच. विकणारा दोन वेळा धार काढत नाही आणि तुंबलेली कास दाखवून पैसे घेतो. मी चार ड्रायव्हरांना चहा पाजून सगळं काढून घेतलं आहे. आपण जायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं असेल तर ते गार असताना सुरू होत नाही असं समजावं. गाडी भर उन्हात पाहावी, सावलीत रंगाचे दोष लपतात. ती जिथं उभी होती तिथली जमीन पाहावी, तेलाचा डाग खोटं बोलत नाही. मालकाला विचारू नये, मालकाच्या नोकराला विचारावं. आणि माझी स्वतःची युक्ती म्हणजे लोहचुंबक. वर्कशॉपच्या मोडक्या विजेच्या मोटारीतला एक माझ्याकडे आहे. पत्रा असेल तिथं तो चिकटतो, पोचा बुजवायला लांबीचा लगदा भरून वर रंग फासला असेल तिथं चिकटत नाही.

भैयालाल मिस्त्री म्हणाला, "मुन्शीजी, मले संगं घेऊन चाला. मी बुडाशी निजून पाह्यतो, मंग घ्या."

त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हे मिस्त्री लोक विकणाऱ्याकडूनही दलाली घेतात आणि घेणाऱ्याकडूनही. पुनाराम एवढा भोळा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लालबर्ऱ्याला जाऊन आलो. राइस मिलचा मालक दुलीचंद शेठ काळी अँबॅसडर विकतो आहे. वसंताला बरोबर नेलं होतं.

शेठ ओट्यावरूनच बोलला, "आइए मुंशीजी, गाड़ी आपकी ही समझिए।" गाडीजवळ काही तो आला नाही. कोंड्याच्या धुळीनं दमा होतो म्हणाला. राइस मिलच्या मालकाला कोंड्याचा दमा, बिचाऱ्याचं नशीब.

इंजिन गार होतं. एका हाकेत सुरू झालं. जमिनीवर तेलाचा डाग नाही. मग मी खिशातून चुंबक काढला आणि शेठच्या तोंडचं पाणी पळालं. मागं चिकटला, डावीकडे चिकटला. ड्रायव्हरच्या दाराला मात्र चिकटला नाही, टपकन मातीत पडला.

"बैल ने सींग मारा था," शेठ म्हणाला. "थोड़ी लांबी भरी है, बस।"

टपावरही एका ठिकाणी तो चिकटेना. बैलाचं शिंग टपापर्यंत कसं गेलं, असं विचारणार होतो, पण शेठनं तेवढ्यात आपणहून पाचशे रुपये उतरवले. एका चुंबकानं पाचशे! घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हतं.

वसंता शेठच्या मुनीमाला घेऊन चक्कर मारायला गेला, तेवढ्यात मी नियमाप्रमाणे नोकरांकडे वळलो. चंपाबाई म्हणून एक बाई धान पाखडत होती. विचारलं, "बाई, गाडी कशी आहे हो शेठची?"

"गाडी त मस्त होती जी. मंग मागच्या पावसाळ्यात खाली गेली न, बैहरच्या घाटात."

"खाली?"

"हौ जी, खाली. चैतरामसंगच."

"चैतराम कोण?"

"डायवर."

"तो कुठं आहे आता?"

"तो त गेला." एवढं म्हणून ती सूप घेऊन उठली, कारण मुनीम गाडीतून उतरत होता.

म्हणजे गाडी घाटात गेली तीसुद्धा खाली, आत फक्त ड्रायव्हर, सवारी नाही की माल नाही. चैतराम नोकरी सोडून गेला. शेठ लोकांकडे चांगला माणूस टिकतो कुठं? यापेक्षा निर्मळ गाडी मिळायची नाही.

परत येताना बसमध्ये वसंता म्हणाला, "बाबा, गाडी जराशी उजव्या अंगाले वढते."

"नवा बैल बी एका अंगाले वढते. हाताले सवय झाली का सरळ चालते," मी म्हटलं.

२२ फेब्रुवारी

गाडी घरी आली. फंडाचा बहुतेक पैसा गेला, पण दारात मोटार उभी आहे.

शेठचा आताचा ड्रायव्हर ती आणून देणार होता. ऐन वेळी त्यानं बायको आजारी असल्याचं सांगितलं. मुनीमानं दुसऱ्याला विचारलं, त्याचीही बायको आजारी. लालबर्ऱ्यात कसली साथ आली आहे कोण जाणे. शेवटी वसंतानंच आणली.

कागद तपासले. सात महिने टॅक्स भरलेला नाही, 'गाड़ी खड़ी थी' असा शेरा आहे. सात महिने आराम झाला तिला. वॉर्डात पेढे वाटले. शेजारीण लिंबू-मिरच्या घेऊन बांधायला आली, तिला हात जोडले. छप्पन साली आम्ही शकुन-अपशकुन मागं टाकले ते पुन्हा घरात घ्यायला नाही. आम्ही त्रिशरण म्हटलं आणि पोरांना एक चक्कर मारून आणली.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर लोक जमले. दुलीचंदसारख्या माणसाकडून गाडी कशी काढली ते सविस्तर सांगितलं. चुंबकाची गोष्ट दोनदा सांगावी लागली.

२ मार्च, रविवार

वसंताच्या मायनं आज गाडी धुतली. पुढच्या सीटच्या फटीतून काचेचे बारीक गोल तुकडे निघाले, साबुदाण्याएवढे, मूठभर. आणि तंबाखूचा चुना ठेवायचं एक पितळेचं चुनाळू.

"अवो, हे काच कायचे?" तिनं तळहातावर धरून दाखवले.

"बाटली फुटली अशीन कोनाची."

"बाटलीचे असे राह्यते काय? मले ही गाडी बरोबर नाही दिसत."

मी चिडलो. गाडी बरोबर दिसत नाही म्हणजे काय? शिकलेल्या माणसाच्या घरात ही भाषा शोभत नाही. तिला तसं बोललो. ती काच वेचत राहिली. तिचं बोट कापलं.

चुनाळू छान आहे. माझं जुनं गळत होतं. हेच वापरायला घेतलं.

१४ मार्च

पुढची टायरं एकाच कडेनं झिजली आहेत. वसंतानं दाखवलं. रस्त्याचा दोष, दुसरं काय!

धंदा चांगला चालला आहे.

३० मार्च, रविवार

खदानीला नकाराचं पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं, तेव्हा मनासारखं अक्षर आलं. 'माझा पुत्र स्वतःचा व्यवसाय करीत असल्याने सदर जागेची आवश्यकता नाही.' वसंताला वाचून दाखवलं. त्यानं पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"पाठवू काय?" मी विचारलं.

"तुमी म्हणता त पाठवा."

एवढ्या आनंदाच्या गोष्टीवर पोरगा असा थंडपणे बोलतो. आजकालच्या मुलांना कशाचं कौतुक नाही. पत्र माझ्या हातानं देऊन आलो. परतताना खाणीच्या तोंडावरून गेलो नाही, लांबच्या वाटेनं आलो. सुखरामची फार आठवण आली. त्याला मनात म्हटलं, तुझा पुतण्या सुटला रे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीच्या मिरवणुकीत पहिली गाडी आमची. पुढं बाबासाहेबांचा फोटो, टपावर निळा झेंडा, बाजूनं पोरं लटकलेली. पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं गाडी चालली होती. मी पांढरं धोतर नेसून पुढं होतो.

वळणावर गाडी एकदम उजवीकडे नालीच्या दिशेनं गेली. वसंता ओरडला, पोरांनी उड्या मारल्या. एका मुलीचा पाय खरचटला, बाकी काही नाही. लोक हसले. मीही हसलो, म्हटलं गाडीलासुद्धा उत्साह आला आहे.

वसंता हसला नाही. गाडी बंद करून तो खाली वाकला आणि चाकाच्या मागं हात घालून काहीतरी चाचपत बसला. मग लटकलेल्या पोरांना त्यानं पुन्हा चढू दिलं नाही. एवढ्याशा गोष्टीला एवढं घाबरायचं? खदानीत गेला असता तर याचं काय झालं असतं?

२७ एप्रिल, रविवार

वसंता हल्ली रोज सकाळी खेपेआधी भैयालालकडे जातो. गप्पा मारायला जातो म्हणतो. रिकामटेकड्यांची संगत लागली आहे. घरात पैसेही कमी देतो, विचारलं तर पेट्रोलचं नाव सांगतो. जेवणही नीट नाही. लग्न करून द्यावं लागेल.

९ मे, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

लग्नसराई आहे. वसंता पहाटे पाच वऱ्हाडी घेऊन बैहरला गेला. दुपारी मी ओसरीत तंबाखू मळत बसलो होतो. एक बाई आली, डोक्यावर पदर, हातात बाजाराची रिकामी पिशवी.

"काळी गाडी तुमचीच काय जी? लालबर्ऱ्याची?"

सवारी आहे असं समजून मी म्हटलं, "आमचीच. पण आता नाही. पोरगा बैहरले गेला वऱ्हाड घेऊन."

"घाटातून?"

"मंग कोठून जाईन?"

ती पायरीवर बसली. वसंताच्या मायनं पाणी आणलं. तिनं तांब्या घेतला आणि तिची नजर माझ्या हातावर थांबली.

"हे चुनाळू तुमाले कोठं गावलं?"

"गाडीत होतं."

"माह्या मालकाचं व्हय ते. झाकणाच्या आतून पाहा. 'चैत' कोरलं हाय."

मी झाकण उघडलं. दोन महिने ते मी दिवसातून वीसदा उघडतो. आतल्या बाजूला खिळ्यानं ओरखडलेली दोन अक्षरं होती. मला कधी दिसली नव्हती.

तिचं नाव तुळसाबाई. चैतराम ड्रायव्हरची बायको. तिला पैसे नको होते, भांडण नको होतं. बाजारात कोणीतरी सांगितलं की ती गाडी पुन्हा चालायला लागली आहे, म्हणून ती नुसती पाहायला आली होती.

मी म्हटलं, "चैतराम त नोकरी सोडून गेला न? आन् गाडी खाली गेलती म्हणे घाटात. चंपाबाईनंच सांगितलं मले."

"हौ न जी. खालीच गेली," तुळसाबाई म्हणाली. "रस्त्यावरून खाली. दरीत." तिनं तळहात ओसरीच्या कडेवर ठेवला आणि कडेवरून उलटा करून टाकला. "त्याले वर काढाले दोन दिवस लागले. गाडी सरळ करून रंगोली. त्याले कोण सरळ करते?"

खाली. एकतीस वर्षं हा शब्द मी दिवसातून शंभरदा लिहिला. चार वर्षांच्या पोरालासुद्धा खाली म्हणजे काय ते कळतं. बाई माझ्याशी आपल्या बोलीत बोलली आणि मी तिचं बोलणं रजिस्टरच्या रकान्यात घातलं. तिनं 'चैतरामसंगच' म्हटलं, 'तो त गेला' म्हटलं. याहून स्पष्ट माणूस काय सांगणार? तिनं सगळं सांगितलं होतं. लपवलं शेठनं, पण फसवलं मला मीच.

वसंताची माय दारात उभी राहून ऐकत होती. ती पायात चप्पल न घालता रस्त्यानं बैहर नाक्याकडे चालू लागली. मी तिच्या मागं.

दोनपासून आम्ही नाक्यावर उभे होतो. येणारा प्रत्येक ट्रक मी हात करून थांबवला. एक ड्रायव्हर म्हणाला, "काली गाड़ी? हाँ, घाट के मोड़ पर खड़ी थी। एक लड़का नीचे घुसा था।"

"जिंदा था?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि गिअर टाकून निघून गेला.

सूर्य टेकला तेव्हा गाडी आली. आत सगळे हसत होते, कोणी लग्नातले लाडू खात होतं. वसंताची माय गाडीच्या पुढं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. वसंतानं गाडी थांबवली. मी किल्ली काढून घेतली आणि वऱ्हाडाला इथून पायी जा म्हणून सांगितलं. ते शिव्या देत गेले.

"ही गाडी दरीत पडली होती," मी म्हटलं. "माणूस मेला तिच्यात."

वसंता म्हणाला, "मले मालूम आहे, बाबा."

"कधीपासून?"

"पयल्याच हप्त्यात भैयालालनं सांगितलं. सांगाडाच वाकला आहे गाडीचा. म्हणून ते स्टेअरिंगची दांडी तडकते. दोनदा नवी टाकली. आता घाटातबी एकदा पाह्यली उतरून."

म्हणजे पेट्रोलच्या नावाखाली जाणारे पैसे ते हे होते.

"मंग काहून नाही सांगितलं मले?"

"तुमी पेढे वाटले होते न. विहाराच्या ओट्यावर साऱ्यायले सांगत होते, दुलीचंदले कसं फसवलं म्हणून. कसं सांगू?"

मी त्याला खोटं बोलायला कधी शिकवलं नाही. पण मला खरं ऐकून घेता येत नाही, हे त्यानं लहानपणीच ओळखलं असणार. दोन महिने माझा पोरगा माझ्या बढाईपायी मरणाच्या दाढेत बसून सवाऱ्या वाहत होता, आणि मी लिहीत होतो की त्याला कशाचं कौतुक नाही.

१० मे

खदानीच्या ऑफिसात गेलो. बाबू जुना ओळखीचा. म्हटलं, पोराला घ्या, कुठल्याही पाळीत घ्या. ज्या तोंडानं नाही म्हटलं होतं त्याच तोंडानं हात जोडले. त्यानं फाईल काढून माझंच पत्र पुढं ठेवलं. "पुनाराम, इतक्या सुंदर अक्षरात तुम्हीच लिहून दिलंय. जागा एप्रिलमध्येच भरली."

तिथून लालबर्ऱ्याला. शेठ ओट्यावरच होता. "आपने तो खुद चुंबक लगाकर देखा था, मुंशीजी।" एवढंच बोलला. सोबतच्या लोकांना हसू आलं.

१३ मे

किल्ली माझ्या कमरेला आहे. भंगारवाला म्हणतो, लोखंडाच्या भावानं नेतो. वारासिवनीचा एक जण पूर्ण किंमत द्यायला तयार आहे, त्याचा भाऊ चालवणार आहे. मी त्याला सगळं सांगून परत पाठवलं. आपल्या गळ्यातलं दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात कसं घालायचं?

तुळसाबाईला चुनाळू पोचवून आलो.

१६ मे

वसंता दोन दिवस कामाच्या शोधात हिंडला. मलाजखंडकडे ठेकेदारांना माणसं लागतात म्हणून तिकडंही जाऊन आला. पण पावसाळा तोंडावर आला, आता कोणी घेत नाही. दुकानदारानं आज तांदूळ द्यायला कां-कूं केलं. वसंताच्या मायनं काही मागितलं नाही. ती मला काही मागतच नाही आता.

वसंता सकाळी उठून माझ्यासमोर येऊन उभा राहतो. किल्ली मागत नाही. नुसता उभा राहतो आणि मग निघून जातो.

१८ मे, रविवार

आज तो बोलला. "घाटात नाही जात, बाबा. लालबर्ऱ्यापर्यंतच. सपाट रस्ता आहे. भैयालाल रोज सकाळी दांडी पाहून देईन."

"आन् तुटली तं?"

"हळू चालवीन त नालीत जाईन, दरीत नाही."

दिवसभर विचार केला. त्याला नाही म्हणण्याचा अधिकार मी कधीच गमावला आहे, आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही. संध्याकाळी त्याला सांगितलं की उद्यापासून मी त्याच्या बाजूला बसेन, रोज, प्रत्येक खेपेला. आणि बसणाऱ्या प्रत्येक सवारीला आधी खरं काय ते सांगेन. ज्याला यायचं तो जाणून येईल.

१९ मे, सोमवार

भैयालालनं दांडी पाहिली, ठोकून पाहिली, तिसरी नवी टाकली. पैसे नंतर द्या म्हणाला. ज्याला मी दलाल समजून घालवलं होतं तो हा माणूस. मला त्याच्याकडे वर बघवेना.

स्टँडवर उभे राहिलो. बस नुकतीच गेली होती, लोक आपोआप आले. मी गाडीबाहेर उभा राहून सांगायला सुरुवात केली. ही गाडी बैहरच्या घाटात दरीत पडली होती. ड्रायव्हर मेला. सांगाडा वाकलेला आहे. दांडी कधीही तुटू शकते. विचार करून बसा.

एका धोतरवाल्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "वो ठीक है। लालबर्रा का क्या लोगे?"

दुसरा म्हणाला, "मरनेवाला बस में भी मरता है।" आणि भाड्यात घासाघीस करू लागला. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. तिसरा हसून म्हणाला, मुन्शीजींना उन्हाचा त्रास झालेला दिसतो. मी जितकं सांगावं तितके ते लवकर आत बसत होते, जागा जाईल म्हणून.

शेवटी एक म्हातारी राहिली. डोक्यावर गाठोडं, लेकीकडे निघालेली. तिनं मात्र नीट ऐकून घेतलं. दरी कुठली, माणूस कोण, कधी, सगळं विचारलं. मला बरं वाटलं. म्हटलं, एक तरी माणूस शहाणं भेटलं, ही मागं फिरेल.

तिनं मान वाकवून पुढच्या सीटवर पाहिलं. वसंता स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता.

"हा पोरगा कोनाचा?"

"माझा."

"सख्खा?"

"हौ."

"मंग कायले भेव दाखवून राह्यला गा मले?" असं म्हणून ती गाठोडं मांडीवर घेऊन आत बसली.

वसंतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि दार ओढून घेतलं.